लिमिट कोण वाढवतो? : कार्डाच्या प्रश्नाला आपल्या इतिहासातून उत्तर



"आपल्या कार्डाचे लिमिट ६० हजारांवरून २ लाख करण्यास आपण पात्र आहात" असा मेसेज आपल्यातल्या नोकरदार तरुणांना हल्ली वरचेवर येतो. अभ्यासवर्ग संपल्यावर, शिबिरात जेवणाच्या पंगतीत, कधी फोनवर हा प्रश्न आमच्यापर्यंत पोहोचतो. हो म्हणावे की नको? विचारणारा बहुधा घरातला पहिला पगारदार असतो. कुणी कॉल सेंटरला, कुणी कंत्राटी परिचारिका, कुणी तासिका तत्त्वावर शिकवणारा नेट-सेट झालेला प्राध्यापक. आवाजात शंका असते, पण तिच्याखाली थोडा अभिमानही असतो. ज्या बँकेच्या दारात बापाला कधी खुर्ची मिळाली नाही, ती बँक आज पोराला आपणहून दोन लाख देऊ करते!

हा अभिमान आम्हाला खोटा वाटत नाही. त्याची टिंगल करणारे सल्लागार आम्हाला आवडत नाहीत. पण होकाराचे बटण दाबण्याआधी एक गोष्ट तपासली पाहिजे. उधारीची मर्यादा कोण वाढवतो, कोणत्या वेळी वाढवतो आणि कोणत्या वेळी आवळतो? या प्रश्नाला आपल्या मुलखात दीडशे वर्षांचा इतिहास आहे आणि तो पाठ्यपुस्तकात दोन ओळींत उरकला जातो. म्हणून थोडे मागे जाऊ.

कापसाची तेजी आणि शंभर रुपये एकरी

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. दक्षिणेतल्या गुलामांच्या कष्टावर पिकणारा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि सगळ्यांचे डोळे हिंदुस्थानकडे, विशेषतः मुंबई इलाख्याकडे वळले. कापसाचे भाव चढले. मुंबईच्या व्यापाऱ्याने तालुक्याच्या सावकाराला पैसा दिला, तालुक्याच्या सावकाराने गावच्या सावकाराला दिला, आणि गावच्या सावकाराने कुणब्याच्या दारात जाऊन सांगितले, घे, लागेल तेवढे घे. कापूस लावलेल्या एकरामागे शंभर रुपयांपर्यंत उचल मिळत असल्याची नोंद आहे. काल ज्याला बैलासाठी वीस रुपये मागताना चार हेलपाटे घालावे लागत होते, त्याला आज न मागता शंभर मिळत होते.

शेतकरी एका रात्रीत जास्त विश्वासू झाला होता का? त्याची जमीन वाढली होती का? यातले काहीच झाले नव्हते. बाजार तापला होता आणि पैसा कुठेतरी लावायचा होता, म्हणून लिमिट वाढले होते.

१८६५ साली युद्ध संपले. अमेरिकेचा कापूस परत आला, भाव उतरले. सावकाराने हात आखडता घेतला आणि जुनी बाकी मागायला सुरुवात केली. १८६७ नंतर नव्या सर्व्हेत शेतसारा कित्येक ठिकाणी पन्नास ते शंभर टक्क्यांनी वाढवला गेला. म्हणजे खरी गरज जेव्हा उभी राहिली, तेव्हाच उधार बंद झाली. हा क्रम लक्षात ठेवा. २०२० च्या टाळेबंदीत पगार थांबले तेव्हा काही बँकांनी ग्राहकांच्या कार्डांची लिमिट खाली आणली होती. तेजीत फुगायचे आणि मंदीत आवळायचे, हा सावकारी पैशाचा स्वभाव आहे. सावकाराची जात बदलली, पगडी जाऊन टाय आला, तरी तो बदलत नाही.

पुढची गोष्ट अधिक शिकण्यासारखी आहे. १८५९ साली सरकारने मुदतीचा कायदा केला होता. कर्जाचा रोखा तीनच वर्षे चालेल, म्हणजे व्याज वर्षानुवर्षे साचणार नाही, अशी त्यामागची कल्पना. कायदा रयतेच्या बाजूचा होता. सावकाराने तो उलटा फिरवला. दर तीन वर्षांनी तो नवा रोखा लिहून घेऊ लागला आणि नव्या रोख्यात जुने मुद्दल अधिक थकलेले व्याज हेच नवे मुद्दल म्हणून घातले जाऊ लागले. त्यावर पुन्हा व्याज. खाली अंगठा कुणाचा? ज्याला रोख्यावर काय लिहिले आहे ते वाचता येत नव्हते त्याचा. पुढे पुढे तर शेतकऱ्याने आपली गाडी आणि बैल सावकाराला लिहून द्यायचे आणि तेच बैल त्याच्याकडून भाड्याने आणायचे, असे भाडेखतही होऊ लागले. आपल्याकडे दामदुपटीची रीत होती. व्याज मुद्दलापेक्षा जास्त घ्यायचे नाही, हा संकेत मुंबई इलाख्यातली न्यायालयेही हिंदू कर्जदारांच्या बाबतीत मानत होती. पण दर तीन वर्षांनी मुद्दलच नवे झाले की दामदुपट मोजायची कशावर? दख्खन दंगल आयोगापुढे आलेल्या एका प्रकरणात १०० रुपयांच्या कर्जावर २ हजारांहून अधिक व्याज लावलेले सापडले.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी, बाजाराच्या दिवशी, लोक सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. त्यांना हवे होते कागद. वह्या, खते, रोखे यांची होळी झाली. काही ठिकाणी धान्य लुटले गेले, काही घरे पेटली, पण जिथे सावकाराने मुकाट्याने कागद काढून दिले तिथे सहसा त्याच्या अंगाला हात लागला नाही. ज्यांना अक्षर येत नव्हते त्यांना आपली गुलामी अक्षरात आहे हे नेमके कळले होते. चार वर्षांनी, १८७९ साली, दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला आणि रोख्यामागचा खरा व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयाला मिळाला. आणखी चार वर्षांनी महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पुरा केला. त्यात सावकार, कुळकर्णी आणि कचेरी यांची साखळी आहे आणि विद्येच्या अभावाने काय काय गेले याचा हिशेब आहे. दंगलीचा अहवाल इंग्रज अधिकाऱ्यांनीही लिहिला, पण लेखणी हातात असणारा कोण आणि नसणारा कोण, हे त्या सगळ्या प्रकरणाच्या मुळाशी आहे असे मानून विचार करणारे जोतीराव होते.

आपण त्या रोख्यात कुठे होतो?

सुप्याच्या दंगलीच्या कथेत महार-मांग फारसे दिसत नाहीत. कारण साधे आहे. एकरी शंभर रुपयांची उचल मिळायला नावावर एकर लागतो. महाराकडे जी होती ती वतनाची जमीन, आणि १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याने वतनी जमीन वतनदार कुटुंबाबाहेर देता येत नव्हती. जी जमीन जप्त करता येत नाही तिच्यावर सावकार पैसा कशाला लावील? मग आपल्या माणसाकडे गहाण टाकायला उरले काय? त्याचे अंग. पाडव्याला साल ठरायचे, लग्नाला किंवा आजारपणाला थोडी उचल घ्यायची आणि वर्षभर पाटलाच्या वाड्यावर सालगडी म्हणून राबायचे. वर्ष संपताना हिशेबात बाकी निघायची, की पुढचे साल तिथेच.

बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात महार वतनाचे विधेयक मांडले ते याच संदर्भात वाचले पाहिजे. वतन म्हणजे थोडी जमीन आणि थोडे बलुते. वरून पाहिले तर ती सवलत दिसते. समाजातल्या कित्येकांनाही ते आपले मानाचे वतन वाटत होते. बाबासाहेबांनी उलट हिशेब मांडला. त्या तुटपुंज्या मोबदल्यात एका माणसाची नव्हे, घरातल्या सगळ्यांची चोवीस तासांची चाकरी बांधली जाते आणि महार स्वतंत्र धंद्याकडे वळू शकत नाही. ज्या सवलतीचा अभिमान वाटतो तिची किंमत मोजायला त्यांनी शिकवले. वतने कायद्याने जायला १९५९ उजाडले.

उचल हा शब्द मात्र गेला नाही. आजही दसरा-दिवाळीच्या आसपास बीड, अहिल्यानगर, धाराशिवच्या गावांत मुकादम येतो आणि कोयत्यामागे, म्हणजे नवराबायकोच्या जोडीमागे, उचल देतो. जोडी कारखान्याच्या फडात जाते. हंगाम संपला तरी उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर चढते. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यात अशा आगाऊ रकमेपोटी बांधून घेतलेल्या श्रमाला स्पष्ट बंदी आहे, संविधानाच्या कलम २३ मध्ये वेठीला बंदी आहे, आणि तरीही ट्रॅक्टर भरून माणसे जातात. ऊसतोडीतल्या एका बाईने आम्हाला सांगितले होते की मुकादम जास्त उचल देऊ लागला की तिला आनंद होत नाही, कारण तेवढे दिवस आपण आधीच विकले हे तिला कळते. क्रेडिट लिमिटची याहून नेमकी व्याख्या आम्ही अर्थशास्त्राच्या पुस्तकात वाचलेली नाही. लिमिट म्हणजे अजून न मिळालेल्या पगारावरची उचल. ते आपले उत्पन्न नाही, बचतही नाही.

दार बंद होते तेव्हा

इथे एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. आपल्या लोकांना कर्ज जास्त मिळाले म्हणून ते बुडाले की मिळालेच नाही म्हणून? उत्तर आहे, चांगले कर्ज मिळाले नाही म्हणून. १९५१-५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत दिसले की शेतकऱ्यांच्या कर्जात सावकारांचा वाटा सुमारे ७० टक्के होता, सहकारी संस्थांचा ३ टक्क्यांच्या आसपास आणि व्यापारी बँकांचा १ टक्काही नव्हता. हे जमीन कसणाऱ्यांचे चित्र. भूमिहीनाला तर गावची सोसायटीसुद्धा दारात उभी करत नव्हती, कारण सोसायटीचे कर्ज सातबाऱ्यावर मिळते.

बाबासाहेब अर्थशास्त्राचे विद्यार्थी होते हे आपण भाषणात सांगतो. त्यांचा १९२३ चा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ आणि रिझर्व्ह बँक यांच्याबद्दलच्या पोस्ट जयंतीला हजारोंनी फिरतात. पण आपल्या या विषयासाठी आम्हाला त्यांचा १९१८ चा लहान शेतजमिनींवरचा निबंध जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यात त्यांचा मुद्दा असा की शेत लहान की मोठे हे नुसत्या एकरांवरून ठरत नाही, त्यावर लावायला भांडवल आणि अवजारे किती आहेत यावरून ठरते. खरा तुटवडा भांडवलाचा आहे. १९३६ च्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या कार्यक्रमात भूतारण बँका आणि उत्पादकांच्या सहकारी संस्था आहेत. १९४७ च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात शेतीला लागणारे पाणी, जनावरे, अवजारे, बी-बियाणे राज्याने पुरवावे असे आहे. हा सगळा आग्रह भांडवलासाठीचा आहे. कमाई वाढवणारा पैसा एक, आणि खर्च भागवणारा पैसा दुसरा, ही रेषा त्यांच्या मांडणीत सुटत नाही.

बाबासाहेबांनी स्वतः कर्ज काढले आहे. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून शिल्लक टाकलेला पैसा आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले ५ हजार रुपये यांच्या बळावर १९२० साली ते अपुरा अभ्यास पुरा करायला लंडनला गेले. कर्ज म्हणजे पाप असा आमचा दावा नाही. ते कर्ज मागणाऱ्याने मागितले होते, कशासाठी हवे ते ठरलेले होते, आणि त्यातून डी.एस्सी. आणि बॅरिस्टरी उभी राहिली.

१९६९ साली चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. १९७२ साली ४ टक्के व्याजाची योजना आली, तिच्यात अनुसूचित जाती-जमातींसाठी ४० टक्के वाटा राखला गेला. १९७८ साली महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ स्थापन झाले. २०१६ साली स्टँड अप इंडिया आली, दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत. कागद चांगले आहेत. पण शासकीय योजनेतून लाख-दोन लाखांचे कर्ज मागायला गेलेल्या तरुणाबरोबर आम्ही कार्यालयांच्या पायऱ्या झिजवल्या आहेत. सरकारी नोकरीतला जामीनदार आणा, दरपत्रक आणा, जागेचा करार आणा, साहेब दौऱ्यावर आहेत. त्याच तरुणाला शिलाई मशिन घेण्यासाठी वर्षभर फिरवले गेले आणि त्याच वर्षी त्याच्या मोबाईलवर दोन लाखांचे लिमिट एका ओटीपीवर देऊ केले गेले. धंद्याच्या भांडवलाला जामीनदार, टीव्हीला ओटीपी! आमच्या मते या विषयातली खरी लढाई इथे आहे, आणि वाढीव लिमिट घेऊन गप्प बसल्याने ती मागे पडते.

फ्रेस्नो आणि लाल रेघ

कार्डाचा धंदा कसा जन्मला हेही पाहू. सप्टेंबर १९५८ मध्ये बँक ऑफ अमेरिकाने कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहरात सुमारे ६० हजार कार्डे लोकांनी न मागता टपालाने पाठवली. प्रत्येक कार्डावर काहीशे डॉलरचे लिमिट आधीच ठरलेले. गरज ओळखून उधार देण्याऐवजी उधार हातात ठेवून गरज जन्माला घालण्याची ही रीत. थकबाकी अंदाजाच्या कितीतरी पट निघाली, तरी धंदा थांबला नाही. पुढे तेच कार्ड व्हिसा झाले. १९७० साली अमेरिकेला न मागितलेल्या कार्डांवर कायद्याने बंदी घालावी लागली.

त्याच देशात काळ्या वस्त्यांना मात्र घरासाठी कर्ज नव्हते. १९३० च्या दशकात सरकारी संस्थेने शहरांचे नकाशे काढले आणि काळ्या लोकांच्या वस्त्या लाल रंगाने रंगवल्या, म्हणजे इथे कर्ज देणे धोक्याचे. आपल्या महारवाड्याभोवतीची रेघ जशी दिसत नाही पण सगळ्यांना ठाऊक असते, तशी ती तिथे छापलेली होती. नंतर भेदभावाविरुद्ध कायदे झाले, दार उघडले, आणि २००८ च्या आधीच्या तेजीत त्याच वस्त्यांत महागडी, फसवी गृहकर्जे ओतली गेली. काळ्या आणि लॅटिनो कर्जदारांकडून जास्त आकार घेतल्याच्या आरोपावरून वेल्स फार्गो बँकेने २०१२ साली अमेरिकी न्याय खात्याशी १७.५ कोटी डॉलरची तडजोड केली, आरोप मान्य न करता. किआंगा-यामाहटा टेलर या अभ्यासिकेने या प्रकाराला लुबाडणारा समावेश अशा अर्थाचे नाव दिले आहे. आधी बाहेर ठेवायचे, मग वाईट अटींवर आत घ्यायचे. बाबासाहेबांनी डुबॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतले साम्य बोलून दाखवले होते. हे साम्य आता कर्जाच्या अटींतही शोधले पाहिजे.

मग साधे राहायचे का?

काही मंडळी लगेच म्हणतील, बघा, म्हणूनच अंथरूण पाहून पाय पसरावेत. हा उपदेश आम्हाला मान्य नाही. ज्यांना शतकानुशतके अंथरूणच दिले नाही त्यांना पाय आखडायला सांगणे ही वरच्या जातींची जुनी खोड आहे. धातूची भांडी वापरू नका, नवी वस्त्रे नेसू नका, वरात घोड्यावरून काढू नका, हे सगळे 'साधेपणा'च होते! १९२७ च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी आपल्या आयाबहिणींना पेहरावातून अस्पृश्यतेची खूण पुसून टाकायला सांगितले, आणि बायकांनी लुगडे नेसण्याची पद्धत बदलली. चांगले कपडे, चांगले घर, मुलीला लॅपटॉप, आईला वॉशिंग मशिन, यात आम्हाला काही वावगे दिसत नाही. ती आपल्या चळवळीचीच कमाई आहे.

पण मिरवण्याचा पैसा व्याजाचा असेल तर मिरवणूक कुणाची? इथे थोडे गणित करू.

बऱ्याच कार्डांवर व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असते. त्यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे महिन्याला ४.१३ टक्के, वर्षाला जवळपास ५० टक्के. ५० हजार थकले तर महिन्याचे व्याज १,७५० आणि कर ३१५, मिळून २,०६५. बँक सांगते किमान पाच टक्के, म्हणजे २,५०० भरा, काही होत नाही. भरले. मुद्दल किती कमी झाले? ४३५ रुपये. आता लिमिट २ लाख झाले आणि हळूहळू तेही भरले, तर महिन्याला ८,२६० रुपये नुसते व्याज आणि कर. पंचवीस हजार पगार असेल तर महिन्यातले दहा दिवस तुम्ही त्या कार्डाचे सालगडी. एक पैसाही फेडला नाही तर दोन वर्षांत व्याज मुद्दलाएवढे होते, आणि इथे दामदुपट नाही. महाराष्ट्रात परवानाधारक सावकाराच्या व्याजाचा दर सरकार ठरवते, बँका त्या कायद्याबाहेर आहेत. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली कार्डावर ३० टक्क्यांहून अधिक व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निर्णय रद्द केला. म्हणजे व्याजाला वरून छप्पर नाही, भिंत आपल्यालाच बांधायची आहे.

भगवान बुद्धांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली, त्यांत एक अनणसुख आहे, ऋण नसल्याचे सुख. अंगुत्तर निकायातल्या इणसुत्तात दारिद्र्यातून ऋण, ऋणातून व्याज, मग तगादा, मग पाठलाग आणि शेवटी बंधन अशी साखळी पायरीपायरीने उलगडली आहे. वसुली एजंटाचा पहिला फोन ज्याने घेतला आहे त्याला तगादा आणि पाठलाग यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही. उपसंपदेच्या वेळी भिक्षूला आजही विचारतात की तू ऋणमुक्त आहेस ना. सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग आहेत. एक उपभोगाला, दोन धंद्याला आणि एक संकटासाठी शिल्लक. भांडवलाला दोन आणि उपभोगाला एक, हे प्रमाण पुन्हा एकदा वाचा.

तर हो की नाही?

आमचे मत स्पष्ट आहे. बँकेने आपणहून देऊ केलेल्या वाढीला पहिले उत्तर नाही असावे. गरज पडली तर आपण मागू, आपल्या वेळी मागू.

याला अपवाद आहे. मागच्या बारा महिन्यांचे प्रत्येक बिल किमान रकमेवर न थांबता पूर्ण भरले असेल, तीन महिन्यांचा घरखर्च खात्यात बाजूला असेल, आणि नोकरी पुढच्या महिन्यात कंत्राट संपून जाणारी नसेल, तर लिमिट वाढवून घेण्यात एक खरा फायदा आहे. लिमिटच्या मानाने वापर कमी दिसला की क्रेडिट स्कोअरला मदत होते आणि उद्या गृहकर्ज किंवा धंद्याचे कर्ज मागताना तो उपयोगी पडतो. २ लाखांचे लिमिट आणि १५ हजारांचा वापर, हे ६० हजारांच्या लिमिटमध्ये ५० हजार वापरण्यापेक्षा नक्की बरे. पण वाढीव लिमिट पाहून वापरही वाढणार असेल तर हा फायदा तिथेच संपला. आपला स्वभाव आपल्याला ठाऊक असतो, घरातल्यांनाही असतो. त्यांना विचारा. 'दवाखान्यासाठी असू दे' हे कारण आम्ही समजू शकतो, रात्री दोन वाजता अनामत मागणारे रुग्णालय आम्हीही पाहिले आहे. तरी आधी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ते रुग्णालय बसते का ते विचारा, आणि कार्डावरून रोख रक्कम काढू नका, तिच्यावर पहिल्या दिवसापासून व्याज चढते. एका बिलात थोडीशी बाकी राहिली तरी नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते, हे बहुतेकांना दंड लागल्यावरच कळते.

लिमिट घेतले असेल त्यांनी बँकेच्या अ‍ॅपमध्ये व्यवहाराची स्वतःची मर्यादा घालावी. ही सोय देणे रिझर्व्ह बँकेने २०२० पासून बंधनकारक केले आहे. बँकेने दोन लाख म्हटले तरी आपण वीस हजार लिहू शकतो.

आणि संमतीबद्दल. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय कार्डाचे लिमिट वाढवता येत नाही आणि न मागितलेले कार्डही देता येत नाही. कायदा पुन्हा एकदा आपल्या बाजूचा आहे, १८५९ सारखा. पण फोनवरची मुलगी (तीही बहुधा आपल्याच वस्तीतली, टार्गेटखाली दबलेली) घाईने बोलत जाते, 'सर फक्त ओटीपी सांगा, फ्री आहे', आणि तो ओटीपी म्हणजेच संमती धरली जाते. त्याला अंगठा समजा. वाचल्याशिवाय देऊ नका.

ज्यांचे लिमिट न विचारता वाढले आहे त्यांनी बँकेला ईमेलने लिहावे की ही वाढ आम्हाला मान्य नाही, लिमिट पूर्ववत करा, आणि संमतीची नोंद असेल तर ती पाठवा. तक्रार क्रमांक जपून ठेवावा. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, तिला पैसे लागत नाहीत आणि वकीलही लागत नाही. क्रेडिट अहवालाची पूर्ण प्रत वर्षातून एकदा फुकट मिळते, तीही मागवा. तालुक्याच्या अभ्यासवर्गांनी पुढच्या महिन्यात एक बैठक फक्त यासाठी ठेवावी. प्रत्येकाने आपले मागचे बिल छापून आणावे, नाव आणि कार्ड क्रमांक काळ्या शाईने खोडून, आणि व्याजाची ओळ सगळ्यांनी मिळून वाचावी.